जुना ट्रक अचानक ‘डेड’ झाला? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

चावी फिरवली आणि काहीच नाही. डॅशवरचा दिवा नाही, हॉर्न नाही, सेल्फचा (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरचा) साधा ‘टक्’ आवाजही नाही. अशा वेळी बहुतेक जण पहिला फोन बॅटरीवाल्याला करतात. नवी बॅटरी येते, गाडी चालू होते, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. खरं तर बॅटरी बदलताना टर्मिनल हललेलं असतं, सैल जोड तेवढ्यापुरता धरलेला असतो. जुनी बॅटरी मात्र भंगारात गेलेली असते.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता क्रमच लिहून काढला. दोन गोष्टींवर सगळा भर आहे. एक, तपासणी करंटच्या वाटेने करायची: बॅटरी, जाड केबल, मेन सप्लाय, चावी, मग शेवटी एकेक फांदी. दोन, प्रत्येक ठिकाणी लोड देऊन, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी जोडून मोजायचं. लोडशिवाय मीटरवर दिसलेल्या १२.६ व्होल्टवर विश्वास ठेवून माणसं दिवसदिवस चुकीच्या जागी खोदत बसतात.

हा लेख मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाड्यांसाठी आहे: टाटा १६१३, २५१५, ४०७, लेलँडच्या जुन्या गाड्या वगैरे. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असलेल्या कॉमन रेल गाडीत बॅटरी आणि जाड केबलपर्यंतचा भाग तसाच लागू पडतो. पण तिथल्या बारीक वायरींना पुढे सांगितलेला बल्ब लावू नका, ईसीयू जाईल.

तयारी: हाताशी काय हवं

डिजिटल मल्टिमीटर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, टर्मिनलला बसणारे पाने, खाण्याचा सोडा आणि पाणी, योग्य अँपिअरचे फ्यूज, टॉर्च. बॅटरी टॉपअपची (पाणी भरायची) असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजायचं साधन.

आणि एक वस्तू घरीच बनवा. हेडलाइटचा जुना पण चालू बल्ब घ्या. त्याच्या एका फिलामेंटला दोन लांब वायरी सोल्डर करा, एका वायरीला क्रोकोडाइल क्लिप, दुसरीला टोकदार पिन. १२ व्होल्टच्या गाडीला १२ चा ६० वॅटचा बल्ब, २४ च्या गाडीला २४ चा. १२ व्होल्टचा बल्ब साधारण ५ अँपिअर ओढतो. बारीक टेस्ट लॅम्प जिथे फसतो तिथे हा फसत नाही. बल्ब फार तापतो, म्हणून त्याला पत्र्याच्या डब्यात किंवा जुन्या हेडलाइटच्या वाटीत बसवा.

का फसत नाही, ते एकदा समजून घ्या. समजा, गंजलेल्या जोडात एक ओहमचा अडथळा आहे. मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून तो पूर्ण १२.६ दाखवतो. पार्किंगचा ५ वॅटचा बल्बही ठीक लागतो. पण दोन हेडलाइट लावले की त्यांच्या वाट्याला निम्म्याच्या आसपास व्होल्टेज उरतं. सेल्फला तर काहीशे अँपिअर लागतात. तिथे एका ओहमचा शंभरावा भाग अडला, तरी ३०० अँपिअरला ३ व्होल्ट गळतात. त्याच जोडातून हेडलाइटचे १० अँपिअर जाताना गळती फक्त ०.१ व्होल्ट! म्हणून “लाइट तर मस्त लागतायत, मग केबल कशी खराब असेल?” या प्रश्नात दम नाही.

१. आधी गाडी आणि माणसं सुरक्षित करा

रस्त्यात बंद पडली असेल तर शक्य तितकी डाव्या कडेला घ्या. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकांना ठोकळे. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. टाकीत आहे तेवढीच हवा, ती पुन:पुन्हा पेडल दाबून घालवू नका.

दिवेच गेलेत म्हणजे रात्री तुमची गाडी मागच्याला दिसत नाही. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीपासून निदान ५० मीटर मागे ठेवा, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा. दगड मांडायची सवय सोडा. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्यावर आदळतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करून मदत मागा.

इंजिन अजून चालू असेल आणि जळका वास किंवा धूर नसेल तर लगेच बंद करू नका. मेकॅनिकल पंपाचं इंजिन एकदा फिरायला लागलं की बहुतेक गाड्यांत विजेवाचून चालत राहतं. दिवसा सुरक्षित जागी पोचण्यापुरता त्याचा उपयोग करून घ्या. रात्री दिव्यांशिवाय मात्र एक फूटही नको.

सावधान: जळका वास किंवा धूर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. इंजिन बंद करा, बॅटरीचा कट-ऑफ स्विच असेल तर तो पाडा, नसेल तर मायनस टर्मिनल काढा. शॉर्ट सापडेपर्यंत ते परत लावायचं नाही.

२. हात लावण्याआधी लक्षणं लिहून घ्या

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बोनेट किंवा केबिन उघडताच लोक वायरी हलवायला लागतात. वायर हलली की कनेक्शन धरतं, गाडी चालू होते आणि दोष लपतो. मग तो पुढच्या घाटात परत येतो. म्हणून पाच मिनिटं फक्त बघा आणि विचारा.

काय काय गेलं? सगळंच गेलं असेल तर दोष बॅटरी, केबल किंवा मेन सप्लायमध्ये आहे. दिवे, हॉर्न ठीक पण सेल्फ फक्त टक् करतो, तर जाड केबल, अर्थ (चॅसीच्या लोखंडातून बॅटरीच्या मायनसकडे परतणारी वाट), सॉलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा सेल्फ. दिवे चावीशिवाय लागतात पण चावी फिरवल्यावर डॅश मेलेलं, तर चावीचा स्विच किंवा त्याचा सप्लाय. फक्त मागचे दिवे गेले, तर मागे जाणारं हार्नेस (वायरींचा जुडगा), त्याचा कपलर (वायरी जोडणारा सॉकेट) किंवा अर्थ. एक इंडिकेटर दिल्यावर दुसरेच दिवे मंद मिणमिणत असतील तर डोळे झाकून आधी अर्थ तपासा.

ड्रायव्हरला विचारा: त्या क्षणी काय चालू होतं? ब्रेक दाबला तेव्हा गेलं, खड्ड्यात आदळली तेव्हा, की केबिन उचलून खाली बसवल्यावर? आदल्या दोनचार दिवसांत दिवे कमी-जास्त होत होते का? बल्ब लागोपाठ उडाले का? गाडीवर अलीकडे वेल्डिंग झालं का? नवा हॉर्न, टेप, जीपीएस बसवलाय का?

उडालेल्या बल्बचा प्रश्न टाळू नका. इंजिन चालू असताना आल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) आणि बॅटरी यांच्यामधला जोड सुटला, तर व्होल्टेज उसळतं आणि बल्ब उडतात. बल्बच्या कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, तो पुढे येणाऱ्या मोठ्या बिघाडाचा निरोप असतो.

३. बॅटरी: पोस्टवर मोजा, क्लॅम्पवर नाही

आधी गाडी १२ ची की २४ ची ते नक्की करा. दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ व्होल्टच, असं नाही. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला असेल तर २४. प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असेल तर १२च.

पोस्ट म्हणजे बॅटरीचा शिशाचा खुंट, क्लॅम्प म्हणजे त्यावर आवळलेली केबलची पकड. मीटरच्या पिना पोस्टवरच टेकवा. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. सगळं बंद ठेवून १२.६ किंवा थोडं वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.८ म्हणजे उतरलेली. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर बहुधा एक सेल मेलाय. हायड्रोमीटरवर भरलेल्या सेलला १.२६० ते १.२८० दिसतं. पाच सेल १.२५० आणि एकच १.१५० असेल तर ती बॅटरी चार्ज करूनही कामाला येणार नाही.

आता लोड. तुमचा हेडलाइट बल्ब थेट दोन पोस्टवर लावा आणि मीटर बघा. एवढ्याशा लोडवर एखाद व्होल्ट खाली आला तर बॅटरी एक तर उतरलेली आहे, नाहीतर खराब. सेल्फ फिरत असेल तर खरी परीक्षा तीच. स्टॉपची केबल ओढून धरा म्हणजे इंजिन लागणार नाही (स्टॉप सॉलेनॉइड असेल तर त्याची वायर काढा), आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त न मारता मीटर बघा. १२ च्या गाडीत पोस्टवर ९.६ च्या खाली जायला नको, २४ च्या गाडीत १९ च्या. खाली गेलं तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा, मगच तिला खराब ठरवा. चार्ज करूनही पडत असेल तर सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतोय का, तेही बघावं लागतं.

आपल्याकडच्या २४ च्या गाड्यांत एक खोड फार आहे. टेप किंवा चार्जरसाठी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढतात. ती बॅटरी रोज थोडी उतरते, दुसरी रोज जास्त चार्ज होते, आणि वर्षाच्या आत दोन्ही जातात. मोजल्यावर एक १२.७ आणि दुसरी ११.९ दिसली तर ही वायर शोधा. १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. आणि अशा जोडीतली एकच बॅटरी नवी घालू नका.

सावधान: चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जवळ विडी, काडीपेटी नको. टर्मिनल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. उलटं केलं आणि प्लसवरचा पाना चॅसीला टेकला तर पाना तिथेच चिकटतो आणि ठिणगी बॅटरीच्या तोंडाशीच पडते.

४. दोन जाड केबल आणि अर्थ

इथे घाई करू नका. नुसतं वरून बघितल्याने काही कळत नाही. वरून चकचकीत दिसणारा क्लॅम्प आतून काळा असतो. मोजूनच कळतं.

मीटर व्होल्टवर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या प्लस पोस्टवर, काळी पिन सेल्फच्या जाड स्टडवर (केबल कसायच्या बोल्टवर). कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आता मीटरवर जे दिसेल ते त्या केबलमध्ये गळालेलं व्होल्टेज. ०.२ च्या आसपास असेल तर उत्तम. ०.५ च्या वर गेलं तर त्या वाटेवर दोष आहे.

मग मायनसची बाजू. एक पिन मायनस पोस्टवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. सेल्फ मारा. हिशोब तोच.

गळती जास्त निघाली की एकेक टप्पा वेगळा करा: पोस्ट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, केबल ते चॅसीवरचा बोल्ट, बोल्ट ते चॅसी, चॅसी ते इंजिन. ज्या दोन बिंदूंमध्ये मीटर उडी मारतो, दोष तिथे. इंजिन आणि चॅसी यांच्यामधला विणलेला अर्थ पट्टा इथे विसरतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. पट्टा तुटला की सेल्फचा करंट मिळेल ती वाट धरतो: अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल. सेल्फ मारताना यातली एखादी केबल गरम होत असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही, पट्टा बदला.

दुरुस्ती अशी. क्लॅम्प काढा, पांढरी-हिरवी बुरशी सोड्याच्या पाण्याने धुवा (पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका), पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासा, कोरडं करा, कसा, आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. कसलेला क्लॅम्प हाताने फिरता कामा नये. क्लॅम्प पूर्ण आवळूनही पोस्टवर फिरत असेल तर मध्ये पत्र्याची चकती किंवा खिळा ठोकू नका, नवा क्लॅम्प आणा. चॅसीवरच्या अर्थचा बोल्ट काढून खालचा रंग खरवडा. लगच्या (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी केबल फुगलेली किंवा कडक लागली तर इन्सुलेशन थोडं सोलून बघा. आत तांब्याऐवजी हिरवी पूड निघाली तर केबल टाकून द्या.

तपासा: साफ केल्यावर तीच गळती पुन्हा मोजा. ०.५ च्या खाली आली नसेल तर पुढे जाऊ नका.

सावधान: सेल्फचे दोन स्टड स्क्रू ड्रायव्हरने जोडून गाडी चालू करायची पद्धत जीवघेणी आहे. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती जागेवरून सुटते, आणि तुम्ही तेव्हा चाकापाशीच वाकलेले असता.

५. मेन सप्लाय: जिथे बल्ब मंद होतो तिथे थांबा

बॅटरी ठीक, जाड केबल ठीक, तरी केबिनमध्ये काही नाही. आता केबिनकडे जाणारी मेन वायर धरा. बऱ्याच गाड्यांत ती सेल्फच्याच जाड स्टडवरून निघते, काहींत बॅटरीच्या प्लसवरून. वाटेत कट-ऑफ स्विच, मेन फ्यूज किंवा फ्यूजेबल वायर (फ्यूजसारखी वितळणारी), कपलर, आणि जुन्या गाडीत डॅशवरचा, करंट किती ते दाखवणारा अ‍ॅमिटर.

हेडलाइट बल्बची क्लिप बॅटरीच्या मायनस पोस्टवर लावा. चॅसीवर नको, म्हणजे अर्थची शंका राहत नाही. टोकदार पिन सेल्फच्या स्टडवर टेकवा: बल्ब लख्ख. मग पुढचा बिंदू, मग त्याच्या पुढचा. जिथे तो मंद झाला किंवा विझला, दोष त्या बिंदूच्या आणि आधीच्या बिंदूच्या मध्ये.

कसारा घाटाच्या माथ्याशी एका ढाब्यावर अशीच गाडी पाहिली होती. लासलगावहून कांदा भरून वाशीच्या मार्केटला निघालेली, १२ व्होल्टची, चहाला थांबली आणि परत चालूच होईना. दोन दिवसांपूर्वीच मालकाने नवी बॅटरी घातलेली. त्याआधी तीन-चार दिवस रेस केली की हेडलाइट उजळायचे, दोन बल्बही उडाले होते. फ्यूज बॉक्सवर मीटर लावला तर १२.६. बरोबरचा पोरगा म्हणाला, सप्लाय येतोय, चावीचा स्विच गेला. तिथेच बल्ब लावला, तर फिलामेंटला नुसता लालसर रंग, आणि मीटर १२.६ वरून ३ च्याही खाली. सेल्फच्या स्टडवर तोच बल्ब लख्ख. अ‍ॅमिटरच्या मागे हात घातला तर एका नटाभोवतीचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं होतं. नट बोटाने फिरत होता. वायरीचा लग काळा पडून खरबरीत झालेला, जळलेल्या तव्यासारखा.

इंजिन चालू असेपर्यंत आल्टरनेटर दिव्यांना परस्पर करंट देत होता, म्हणून गाडी घाटापर्यंत आली. इंजिन बंद केलं आणि बॅटरीची वाट तुटलेली उघडी पडली. बॅटरीचा यात काहीच दोष नव्हता, ना जुन्या ना नव्या.

अशा जोडाला नुसतं कसून चालत नाही. जळालेला लग कापा, वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे सोला, त्याच जाडीच्या वायरीचा नवा लग दाबून बसवा. स्टड साफ करा, नवा नट आणि स्प्रिंग वॉशर. अ‍ॅमिटरची बैठकच वितळली असेल तर अ‍ॅमिटर बदलायला हवा. नवा मिळेपर्यंत दोन्ही वायरी एका बोल्टवर घट्ट जोडून, नीट झाकून गाडी नेता येते. फक्त तो जोड पत्र्याला टेकणार नाही याची खात्री करा.

फ्यूज बॉक्सबद्दल एक लक्षात ठेवा. जुन्या गाडीतल्या चिनी मातीच्या फ्यूजांत पट्टी शाबूत असते पण टोकं आणि पकडणाऱ्या पत्त्या गंजतात. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून ठीक म्हणू नका. लोड चालू ठेवून त्याच्या दोन्ही टोकांवर बल्ब लावा. एका बाजूला लख्ख, दुसऱ्या बाजूला मंद, तर पत्त्या घासा.

६. फ्यूज पुन:पुन्हा उडतोय: शॉर्ट शोधायची रीत

फ्यूजच्या जागी तार, सिगारेटची चांदी, मोठा फ्यूज: यातलं काही करू नका. फ्यूज वायरीला जळण्यापासून वाचवतो. तो मोठा केला की वायर फ्यूज होते, आणि ती केबिनमध्ये, सीटखाली, डिझेलच्या टाकीजवळून गेलेली असते. चिनी मातीच्या फ्यूजात पांढरा ८, लाल १६, निळा २५ अँपिअरचा. प्लास्टिकच्या पातीच्या फ्यूजात लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. दोन्हींतला लाल आणि निळा वेगवेगळे आहेत. रंग बघून अदलाबदल करू नका.

रीत सोपी आहे. उडालेला फ्यूज काढा. त्या फ्यूजवरचे सगळे स्विच बंद करा, बल्बांचे कपलर काढा. फ्यूजच्या दोन पत्त्यांमध्ये तुमचा हेडलाइट बल्ब लावा. लख्ख लागला तर पुढे कुठेतरी वायर थेट अर्थला टेकलीय. बल्बमुळे करंट ५ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे वायर जळायची भीती नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत. आता एकेक कपलर सोडत जा. ज्याला सोडल्यावर बल्ब विझला, दोष त्याच्या पलीकडे. नाही विझला तर अलीकडे. मग बल्बवर डोळा ठेवून हार्नेस हातभर-हातभर हलवत जा. जिथे मिणमिणला तिथे उघडा.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: उचलत्या केबिनच्या बिजागरीपाशी, पत्र्याच्या भोकातलं रबर गळून पडलेलं असेल तिथे, गिअरबॉक्सच्या वर, सायलेन्सरजवळ, चॅसीवर पट्ट्या निखळून हार्नेस लोंबतंय तिथे, आणि टेल लाइटच्या होल्डरमध्ये. धान्य वाहणारी गाडी महिनाभर उभी असेल तर आधी उंदरांनी कुरतडलेलं शोधा, विशेषतः डॅशच्या मागे.

नुसती टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नाही. पावसाळ्यात टेपच्या आत पाणी साठतं आणि तांबं हिरवं पडतं. घासलेला तुकडा कापा, तेवढ्याच जाडीची वायर जोडा, हीट श्रिंक बसवा, वर नालीदार पाइप घाला आणि चॅसीला बांधा. ज्या धारेने वायर कापली तिथे रबर बसवल्याशिवाय काम पुरं होत नाही.

७. चावीचा स्विच

इथवर सगळं ठीक आणि तरी डॅश मेलेलं, तर चावीच्या स्विचमागे जा. येणाऱ्या वायरीवर बल्ब लख्ख लागला पाहिजे. चावी ‘ऑन’ केल्यावर जाणाऱ्या वायरीवरही तेवढाच. चावी थोडी हलवल्यावर बल्ब मिचमिचत असेल तर आतले कॉन्टॅक्ट गेले. स्विच बदला, उघडून पत्ती वाकवायच्या फंदात पडू नका. जड किचेन लटकवलेली असेल तर ती काढा, स्विच त्या ओझ्याने झिजतो.

८. गाडी चालू झाली. आता चार्जिंग

गाडी चालू होताच लोक निघतात, आणि पन्नास किलोमीटरवर परत उभे. बॅटरी उतरली होती तर ती का उतरली, हे कळल्याशिवाय निघू नका.

रेस थोडी वाढवून, हेडलाइट लावून बॅटरीच्या पोस्टवर मोजा. १२ च्या गाडीत १३.८ ते १४.४, २४ च्या गाडीत २७.६ ते २८.८ यायला हवं. कमी आलं तर आधी बेल्ट: अंगठ्याने दाबून ढिला लागतोय का, आतून चकचकीत झालाय का. मग आल्टरनेटरच्या मुख्य स्टडवर मोजा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ असेल तर आल्टरनेटर निर्दोष, मधली वायर किंवा जोड खराब. डॅशवरचा लाल चार्जिंग दिवा चावी ऑन केल्यावर लागतच नसेल तर आधी तो बल्ब बघा. बऱ्याच आल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. पाच-दहा रुपयांचा बल्ब गेला म्हणून आल्टरनेटर खोललेले मी पाहिलेत.

१५ च्या वर (२४ च्या गाडीत ३० च्या वर) गेलं तर रेग्युलेटर (आल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला. बॅटरी उकळेल, बल्ब उडतील. दुरुस्तीशिवाय चालवू नका. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आल्टरनेटरच्या डायोडवर (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर) संशय घ्या.

चार्जिंग ठीक, बॅटरी ठीक, तरी रात्रभरात उतरते? सगळं बंद करून मायनस टर्मिनल काढा, मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून टर्मिनल आणि पोस्ट यांच्या मध्ये जोडा. जुन्या साध्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत दिसायला हवं. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. कुठल्याच फ्यूजने कमी होत नसेल तर आल्टरनेटरची वायर सोडून बघा, डायोड उलटा गळत असतो. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर गेला म्हणून समजा.

सावधान: इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनॅमो बघायची’ पद्धत जुन्या डायनॅमोच्या काळातली आहे. आल्टरनेटरमध्ये त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर दोन्ही जाऊ शकतात. चॅसीवर वेल्डिंग करतानाही बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि आल्टरनेटरच्या वायरी आधी काढा.

दुसऱ्या गाडीवरून जंप द्यायचा तर

दोन्ही गाड्या १२ च्या किंवा दोन्ही २४ च्याच हव्यात. प्लसला प्लस आधी. मग चालू गाडीचा मायनस, आणि दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. काढताना याच्या उलट क्रमाने.

९. निघण्याआधीची शेवटची तपासणी

हेडलाइट, वायपर, पार्किंग सगळं लावून इंजिन वीस मिनिटं चालू ठेवा. त्या वेळात ज्या ज्या हार्नेसला हात लावला होता तो धरून हलवा. आता दिवा मिचमिचला तर बरंच झालं, घाटात मिचमिचला नसता का? मग तुम्ही बांधलेल्या प्रत्येक जोडावर बोट ठेवा. चांगला जोड भोवतीच्या पत्र्याइतकाच गरम किंवा थंड असतो. एकटाच कोमट लागला तर उघडा आणि पुन्हा बांधा.

त्या कांद्याच्या गाडीच्या अ‍ॅमिटरची बैठक वितळली होती, म्हणून दोन्ही वायरी नव्या लगांनी एका बोल्टवर बांधल्या होत्या. वीस मिनिटांनी ड्रायव्हरला स्वतःच डॅशच्या मागे हात घालून बोल्ट चाचपायला लावला. थंड होता. पहाटे साडेतीनला गाडी घाट उतरायला निघाली.